रतन टाटांचे कपाट आणि महाडचे तबक



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. आजूबाजूला रसायनांचे कारखाने, आणि येथे येऊन कोणी चीनच्या जुन्या भांड्यांच्या गोष्टी सांगाव्यात! पण मला या विषयासाठी याहून योग्य जागा सुचत नाही. आपल्यापैकी जे कारखान्यांत काम करतात त्यांना माहीत आहे की, आम्लाची वाफ जेथे शोषून घ्यावयाची असते त्या उंच मनोऱ्यांच्या पोटात पुष्कळदा चिनी मातीची लहान लहान कडी भरलेली असतात. लोखंडाला खाऊन टाकणारे आम्ल त्या कड्यांचे काही करू शकत नाही. कामावरून घरी जाताना विजेच्या खांबावर तार ज्या पांढऱ्या खुंटीला बांधलेली दिसते, तीही त्याच मातीची. आणि घरी पोहोचल्यावर फडताळात लोणच्याची जी बरणी असते, तिचे तर सांगायलाच नको. पितळेच्या भांड्यात लोणचे कळकते, मडक्यात खार झिरपतो. बरणीत मात्र ते वर्षभर जसेच्या तसे राहते.

तिन्ही ठिकाणी उपयोगी पडणारा गुण एकच. ही माती कोणाचे काही घेत नाही आणि आपले काही कोणाला देत नाही. गृहिणीच्या आणि कारखानदाराच्या दृष्टीने हा मोठा गुण. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तीच मोठी अडचण आहे. तांब्याच्या भांड्यावर हाताळणीच्या खुणा राहतात, लाकडाला वास राहतो, कापड विरते आणि विरता विरता आपले वय सांगते. चिनी मातीचे भांडे तीनशे वर्षांनंतरही काल भट्टीतून काढल्यासारखे समोर उभे राहते आणि आपण कोणाकोणाच्या घरी राहून आलो याचा पत्ता लागू देत नाही. वस्तू टिकते, तिची हकीकत टिकत नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या टिकलेल्या वस्तूंबद्दल आणि न टिकणाऱ्या हकीकतींबद्दल.

प्रथम मातीविषयी थोडेसे. केओलिन नावाची पांढरी, न वितळणारी माती आणि एका जातीच्या दगडाची पूड, ही दोन्ही एकत्र मळून सुमारे १३०० अंश उष्णतेत भाजली की दगड वितळून काचेसारखा होतो आणि माती त्याला सांगाड्याप्रमाणे उभे धरते. मग त्या भांड्याला टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो आणि पातळ पेला दिव्यासमोर धरला तर पलीकडची बोटे दिसतात. चिनी कारागिरांना हे हजार वर्षांपूर्वीच साधले होते. युरोपात ते जर्मनीतील माइसेन येथे साधावयाला १७०८ ते १७१० हा काळ उजाडावा लागला. युरोपीय लोकांनी या मालाला दिलेले 'पोर्सेलिन' हे नाव मोठे मौजेचे आहे. ते इटालियन भाषेतले कवडीचे नाव. तीच कवडी, जिच्या माळा आपल्याकडे आई भवानीच्या भक्तांच्या गळ्यात असतात. तकाकी तीच आणि पांढरेपणाही तोच, म्हणून भांड्याला कवडीचे नाव पडले. आपण मराठी माणसांनी एवढी कविकल्पना लढवली नाही. जेथून माल आला त्या देशाचे नाव त्या मातीला देऊन मोकळे झालो. झिलई दिलेल्या रंगीत फरशांनाही आपल्याकडे चिनीच म्हणत. देवगिरीच्या किल्ल्यावरचा चिनी महाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो ज्या फरशांनी सजला होता त्यांवरून त्याला हे नाव मिळाले. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यानंतर शेवटचा कुतुबशहा तानाशहा याला औरंगजेबाने कैदेत ठेवले ते याच महालात. इतक्या सुंदर नावाचा तुरुंग दुसरा नसेल.

हा माल आपल्या किनाऱ्याला केव्हापासून येत होता? पुस्तकांपेक्षा जमिनीतली खापरे याचे उत्तर अधिक स्पष्ट देतात. संजाणला २००२ पासून जे उत्खनन झाले, त्यात इराणी आखातातून आलेल्या निळसर झिलईच्या खापरांबरोबर चिनी खापरेही निघाली. चौलच्या परिसरात चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत आणि जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठातही. दिल्लीत तुघलकांच्या एका राजवाड्याच्या जागी चौदाव्या शतकातील निळ्या-पांढऱ्या चिनी थाळ्यांचा ढीगच्या ढीग फुटक्या अवस्थेत सापडला. त्यांतील काहींवर शाही मुदपाकखान्याचे नाव कोरलेले आहे. म्हणजे हा माल केवळ दिवाणखान्यात मांडण्याचा नव्हता, त्यात जेवण वाढले जात होते. चौदाव्या शतकातच इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी आपल्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेला. वाटेत एका राजकन्येने त्याला भेट दिली त्यात चार मोठ्या बरण्या होत्या. आले, मिरी, लिंबू आणि आंबा यांनी भरलेल्या, समुद्रप्रवासाच्या तयारीच्या. त्या बरण्यांना तो मर्तबान म्हणतो. ब्रह्मदेशातील मर्तबान बंदराचे नाव त्यांना पडले आणि हिंदीत ते अजून चालते. आता या बरण्यांतल्या आंब्याला लोणचे म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? आपल्या फडताळातल्या बरणीची वंशावळ इतकी लांब जाते.

दिवाणखान्यात मांडण्याचा उंची माल मुख्यतः चीनमधील जिंगदेझेन या एकाच गावचा. दांत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२ आणि १७२२ मध्ये या गावाविषयी दोन लांबलचक पत्रे लिहिली. एक भांडे पुरे होईपर्यंत ते सत्तर माणसांच्या हातांतून जाते असे तो लिहितो; कोणी फक्त कडेची रेघ ओढतो, कोणी फक्त फुलाची बाह्यरेषा काढतो, रंग भरणारा आणखी वेगळाच. कामाची अशी वाटणी यंत्रयुगाने शोधून काढली असे आपण समजतो. औद्योगिक वसाहतीत बसून ते ऐकताना जरा जपून समजावे. याच गावाची एक तारीख महाडकरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १६७४ च्या जून महिन्यात येथून जवळच, रायगडावर, शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्याच सुमारास चीनमध्ये मांचू बादशहा कांगशीविरुद्ध सरदारांचे मोठे बंड चालू होते आणि त्या धामधुमीत जिंगदेझेनच्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या. दहाएक वर्षांत त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आणि कांगशी, त्याचा मुलगा युंगजंग आणि नातू छियेनलुंग यांच्या अमदानीत, म्हणजे १७९५ पर्यंत, त्यांतून जे निघाले त्यालाच आज जगातील संग्राहक डोक्यावर घेतात. येथे राज्याभिषेकापासून सवाई माधवरावांच्या अखेरीपर्यंतचा मराठ्यांचा काळ, आणि तेथे या भांड्यांचा काळ, बरोबर समोरासमोर बसतात.

आता मुंबईकडे वळू. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे १९९८ पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, अतिपूर्वेकडील वस्तूंचे दालन आहे. तेथील चिनी भांडी पाहताना माणसाची पावले मंदावतात. निळ्या नक्षीची, हिरव्या रंगाला प्राधान्य असलेली, गुलाबी मुलाम्याची, दुधासारखी शुभ्र. शेजारी यशब दगडाचे कोरीव काम, तपकिरीच्या चिमुकल्या बाटल्या. गुलाबी रंगाविषयी एवढे सांगतो की, त्यात खरे सोने असते, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात. आणि ही युक्ती युरोपातून चीनमध्ये गेलेली आहे. हा सारा ऐवज प्रामुख्याने दोन भावांच्या खाजगी संग्रहांतून आलेला. धाकटे सर रतन टाटा, १८७१ ते १९१८. आणि थोरले सर दोराब टाटा, १८५९ ते १९३२. जमशेटजींचे हे दोघे चिरंजीव. रतन टाटांनी १९०६ मध्ये लंडनजवळ ट्विकनहॅमचे यॉर्क हाउस विकत घेतले आणि त्यांच्या उत्तरायुष्यातील बराच काळ इंग्लंडमध्ये गेला. १९१८ मध्ये ते तेथेच वारले. संग्रहालयाची कोनशिला १९०५ मध्ये बसली होती, पण महायुद्धात इमारतीचे इस्पितळ झाले आणि लोकांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. त्याच सुमारास रतन टाटांचा संग्रह तेथे आला. दोराबजींचा १९३३ मध्ये आला. हे घडले नसते तर त्या वस्तू लंडनच्या लिलावात शंभर घरी विखुरल्या असत्या आणि आज सहलीला आलेली शाळकरी मुले ज्या कपाटांना नाक लावून उभी राहतात ती कपाटे रिकामी असती. या दानाचे मोल मी कोणत्याही प्रकारे कमी करू इच्छीत नाही.

पण वस्तूची हकीकत विचारावयाची म्हटली की पैशाचीही विचारावी लागते. मुंबईची श्रीमंती आणि चीन यांचा संबंध फार जुना व जवळचा. १७५६ मध्ये हिरजी जीवनजी रेडीमनी हे पहिले पारशी व्यापारी चीनला गेले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. जाताना जहाजात कापूस आणि माळव्याची अफू. येताना चहा, रेशीम, साखर, आणि त्यांच्याबरोबर भांडी. पारशी घरांतील गारा साड्या, तनछोई आणि चिनी फुलदाण्या या व्यापाराच्या पाऊलखुणा आहेत. टाटांची पेढीही याला अपवाद नव्हती. १८५९ मध्ये तरुण जमशेटजींना वडिलांनी हाँगकाँगला धाडले, ते पेढीची शाखा काढण्यासाठी. आणि त्या शाखेच्या मालात कापसाबरोबर अफूही होती. पुढे गिरण्या आल्या, पोलाद आले, तो भाग आपल्याला पाठ आहे. मधले हे पान मात्र घाईने उलटण्याची आपल्याला सवय आहे. त्या काळी हा व्यापार कायदेशीर होता, प्रतिष्ठितही होता. जो चीन अफूने पोखरला गेला, त्याच चीनची उत्तमोत्तम भांडी त्या शतकाच्या अखेरीस जगाच्या बाजारात येऊन पडली, या दोन गोष्टी मात्र वेगवेगळ्या नाहीत. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि मग जाळला. १९०० मध्ये आठ राष्ट्रांच्या फौजा पुन्हा पेकिंगात शिरल्या. दोन्ही वेळा हिंदी पलटणी बरोबर होत्या. १९०० च्या मोहिमेत असलेल्या ठाकूर गदाधरसिंह या राजपूत शिपायाने चीनमधील तेरा महिन्यांवर हिंदीत पुस्तकही लिहिले. टाटांच्या कपाटातील अमुक फुलदाणी लुटीची आहे असे मी म्हणत नाही, तसे म्हणण्याला आधार नाही. ज्या बाजारात हे सगळे संग्राहक खरेदी करीत होते तो बाजार कशाने भरला होता, एवढेच सांगतो.

आणि ही कथा मुंबई-लंडनपुरती आहे असेही नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून आपण महाबळेश्वरला जातो. तेथे १८३४ च्या सुमारापासून १८६४ पर्यंत एक तुरुंग होता आणि त्यात मलायाकडून, सिंगापूर-पिनांगच्या बाजूने, आणलेले चिनी कैदी ठेवीत. बटाटे आणि विलायती भाज्या पिकवणे, वेताच्या टोपल्या विणणे हे त्यांनी त्या डोंगरावर रूढ केले असे सांगतात. म्हणजे ज्या वर्षांत चिनी भांडी पेट्यांत गवत घालून जपून मुंबईच्या धक्क्यावर उतरत होती, त्याच वर्षांत चिनी माणसे बेड्या घालून आपल्या माथ्यावरच्या डोंगरावर राबत होती. भांड्यांची नोंद संग्रहालयात आहे. त्या माणसांची टोपली सांगा कोठे आहे!

रतन टाटांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला ते दर वर्षी दहा हजार रुपये देत. दक्षिण आफ्रिकेतील गांधींच्या लढ्याला १९०९ मध्ये त्यांनी पंचवीस हजार पाठवले. आणि १९१३ मध्ये पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा त्यांनीच पुरवला. स्पूनर साहेबांनी पाटण्याजवळ कुम्रहारला खणून स्तंभांचा जो मौर्यकालीन सभामंडप उघडा केला, तो टाटांच्या पैशाने. म्हणजे हाच माणूस एकीकडे अखंड, निष्कलंक फुलदाण्या निवडून घेत होता आणि दुसरीकडे फुटक्या खापरांसाठी मातीचे थर मोजणाऱ्यांना पैसे देत होता. उत्खननातल्या खापराला बाजारात दमडी मिळत नाही. पण ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाले हे लिहिलेले असते, म्हणून ते साक्ष देते. कपाटातल्या फुलदाणीचे मोल लाखांत. पण तिला थर नाही, शेजार नाही. तळावरची मोहोर पाहावी म्हटले तर तिचाही भरवसा नाही, कारण कांगशीच्या काळातले कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग बादशहांची नावे आपल्या भांड्यांवर खुशाल घालीत. एका मर्यादेपर्यंत जाणकाराचा डोळा काम देतो. त्यापुढे लागतो कागद: कोणी, केव्हा, कोणाकडून घेतले त्याचा.

इतर संग्रहांचे दैव निरनिराळे निघाले. पुण्यात १८८९ साली जन्मलेले तिसरे सालारजंग यांनी हैदराबादेत इतके जमवले की १९४९ मध्ये ते अविवाहित वारल्यावर त्या पसाऱ्याचे १९५१ मध्ये संग्रहालयच करावे लागले. त्यात चिनी भांड्यांचा भरणा मोठा. विष घातलेले अन्न वाढले की तडकते अशी ख्याती असलेल्या हिरवट थाळ्या तेथे आहेत. नबाबांचा त्यांवर किती विश्वास होता कोण जाणे, पण पाहुण्यांना धाक बसत असला पाहिजे. गोव्यात चांदोरच्या मेनेझेस ब्रागांझांच्या वाड्यात चिनी भांडी आजही घरातच आहेत. मकाव-गोवा-लिस्बन या जलमार्गाने कुटुंबाच्या वैभवाच्या काळात ती आली. मला स्वतःला हा प्रकार सर्वांत अधिक आवडतो. भांडे ज्या घरासाठी आले त्याच घरात, त्याच खिडकीच्या उजेडात ते पाहावयास मिळते. मात्र असे घर सांभाळणे किती खर्चाचे असते ते त्या घरच्यांनाच ठाऊक.

महाडला ना सालारजंग, ना टाटा. पण आपले गाव सावित्रीच्या काठचे. भरतीच्या पाण्यावर बाणकोटहून गलबते आणि होड्या दासगावपर्यंत, महाडपर्यंत वर येत आणि घाटावरचा माल खाली उतरे. या खाडीच्या दोन्ही काठांवरची, विशेषतः कोकणी मुसलमानांची, कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर खलाशी होती. हाँगकाँग, शांघाय, सिंगापूर ही नावे त्या घरांत पुण्याइतकी ओळखीची. परतताना ट्रंकेत कपबश्यांचा संच, एखादी निळी बशी, एखादे मोठे तबक येई. ते काचेच्या कपाटात बसे आणि लग्नात, ईदेला बाहेर निघे. यालाही मी संग्रहच म्हणतो. त्याची यादी कोणी केलेली नाही, इतकेच.

२२ जुलै २०२१ च्या पुराने या गावाचे काय केले ते मी आपल्याला सांगावयास नको. पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी मी येथील एका घरी गेलो होतो. तेथील वृद्ध बाईंना सारा मोहल्ला खाला म्हणतो. त्यांच्या घरी पाणी पोटमाळ्याला टेकले होते. काचेचे कपाट आडवे झाले, त्यातले बहुतेक फुटले. हातभर रुंदीचे एक निळे तबक मात्र चिखलात उपडे सापडले. नळाखाली धरले आणि ते पुन्हा होते तसे झाले. मी ते उलटे करून पाहिले. हाताने रंगवलेले, तळाच्या कड्याला झिलई नाही आणि तेथे भट्टीतल्या वाळूचे कण चिकटलेले. दक्षिण चीनमधील भट्ट्यांत असला माल होड्या भरभरून निघे, आणि आग्नेय आशियातील बंदरांत तो रोजच्या जेवणाला वापरत. टाटांच्या कपाटात त्याला जागा मिळाली नसती. भंगारवाला त्याचे दोनशे रुपये देऊन गेला होता. म्हणजे देऊ करून गेला होता, खालांनी दिले नाही.

मी विचारले, हे कोणी आणले? त्यांच्या आजेसासऱ्यांनी. कोठून? तेथे त्या थांबल्या. त्या आजोबांचे जहाजावरील नोकरीचे पुस्तक घरात होते. कोणत्या बोटीवर चढले, केव्हा उतरले, सगळे शिक्क्यांनिशी त्यात होते. ते पुस्तक ट्रंकेत होते आणि ट्रंकेतल्या सगळ्या कागदांचा पुरात लगदा झाला. खालांना वाचता येत असे, पण ते पुस्तक कधी उघडून वाचण्याचा प्रसंग आला नव्हता. ते घरात आहे हेच पुरेसे होते. त्यांना एवढे आठवत होते की, सासूबाई त्याला सिंगापूरचे तबक म्हणत आणि नणंदेच्या लग्नात शिरखुर्मा त्यातून वाटला होता. नणंदेचे लग्न कोणत्या साली झाले, हे त्यांनी मोठ्या मुलाच्या वयावरून मोजून काढले.

मी म्हटले, एवढे तरी आपण लिहून ठेवू. नातीची वही आली. आजेसासऱ्यांचे नाव, सासूबाईंचे शब्द, लग्नाचे साल, तबकाची रुंदी, कडेला पडलेला एक टवका आणि तो कोणाच्या हातून पडला तेही. मी खिशातले पेन काढले, तेव्हा खालांनी माझा हात धरला. शाई नको, म्हणाल्या, शिसपेनने लिहा. पाण्यात शाई पसरते, शिसे राहते. नातीने पेन्सिलीला टोक करून दिले.